गेम ‘चालून नाही राहिला’? सिम्युलेशन गेम खेळताना आणि तपासताना या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की मित्रांच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. ‘भाऊ, गेम चालून नाही राहिला.’ ‘अटकून राहिला बे.’ ‘उडवून टाकू का?’ उत्तर देणारा बिचारा विचारतच राहतो: उघडतच नाही का? उघडून काळा पडदा येतो का? शहर मोठं झाल्यावर संथ पडतो का? की शेतातलं सगळं पीक एका रात्रीत वाळलं म्हणून डोकं फिरलंय? या चारही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि शेवटच्यात तर बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो.

शेती, दुकान, शहर, रेल्वे किंवा ट्रक चालवायचे निवांत सिम्युलेशन गेम दिसायला सोपे असतात. ना बंदूक, ना मारामारी; चहाचा कप बाजूला ठेवून आरामात खेळता येतात. पण एका बाबतीत त्यांचा स्वभाव फसवा आहे. कारण आणि परिणाम यांच्यात बराच वेळ जातो. गोळीबाराच्या गेममध्ये काही चुकलं तर तिथल्या तिथे दिसतं. इथे बी पेरलं एका हंगामात आणि चूक कळते पुढच्या हंगामात. रस्ता काढला वस्ती लहान असताना आणि कोंडी होते लोक राहायला आल्यावर. त्यामुळे दोष मशीनचा, गेमचा की आपल्या खेळण्याचा, हे मागे जाऊन शोधावं लागतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका ही मागे जायची वाट आपल्याच हातानं बंद करण्याच्या आहेत.

पहिल्याच बैठकीत बग शोधायला बसणं

एखादा गेम तपासून द्यायचं कबूल केलं की काही जण पहिल्या मिनिटापासून बग, म्हणजे गेममधले बिघाड, शोधायला तोडफोड सुरू करतात. पात्र भिंतीत घुसतं का बघ, पैसे शून्याखाली नेता येतात का बघ. ही तपासणी हवीच, पण पहिल्या बैठकीत नको. नवख्या खेळाडूची नजर प्रत्येकाला एका गेमसाठी एकदाच मिळते. बनवणाऱ्याकडे ती उरलेली नसते, कारण त्याने प्रत्येक बटन स्वतः ठेवलेलं असतं. तुम्ही ती पहिल्या दहा मिनिटांत खर्च करून टाकली तर परत येत नाही. म्हणून पहिल्यांदा फक्त खेळा. बाजूला कागद ठेवा आणि त्यावर एवढंच लिहा: कुठे अडकलो, कुठे कंटाळलो, आणि कुठे घड्याळाचं भान सुटलं. तिसरी गोष्ट लोक लिहीतच नाहीत. तक्रार सापडली म्हणजेच तपासणी झाली असं वाटतं त्यांना. पण छोट्या टीमला जपायचं काय हे त्या तिसऱ्या रकान्यातूनच कळतं, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये नेमकी तीच मजा काढून टाकलेली असते.

दुसऱ्याला खेळायला बसवलं असेल तर तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड. माझ्या आत्याला एका चहाटपरीच्या गेमसमोर बसवलं होतं. पडद्यावर सूचना आली, पातेलं गॅसवर ठेवा. आत्या पातेल्यावर क्लिक करत राहिली, पातेलं हलेना. ते खरं तर माऊसने ओढून न्यायचं होतं, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. तिने चष्मा कपाळावर सरकवला, माऊस उचलून उलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘याचं बटन खराब झालं का रे?’ तेवढ्या एका प्रश्नात बनवणाऱ्याला हवी ती सगळी माहिती होती. सूचनेत ‘ओढून’ हा शब्द नाही, चुकीचा क्लिक झाल्यावर गेम काहीच प्रतिसाद देत नाही, आणि माणूस गेमला नाही, माऊसला दोष देऊन मोकळा होतो. शेजारून कुणी ‘ओढ ना’ म्हटलं असतं तर चहा उकळला असता आणि ही माहिती गेली असती.

नवतपातला लॅपटॉप

नागपुरात मे महिन्यात, त्यातही नवतपाच्या म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, पारा 45 अंशांपलीकडे जातो हे कुणाला नवीन नाही. पण लॅपटॉप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या खोलीचं तापमान 35 अंशांपर्यंत असेल असं धरून मशीन बनवतात, हे फार जणांना माहीत नसतं. प्रोसेसर साधारण 95 ते 100 अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. गेम बंद पडत नाही, फक्त हळूहळू जड होतो. खेळणारा म्हणतो, अपडेटनंतर गेम बिघडला. अपडेट आलेलं असतं एप्रिलच्या शेवटी, आणि बिघडलेलं असतं हवामान.

ओळखायचं कसं? गेम उघडल्यापासून पहिल्या मिनिटालाच अडखळत असेल तर कारण दुसरं शोधा. पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग अडखळायला लागला आणि पंखा ओरडायला लागला, तर उष्णतेचा संशय घ्या. तोच सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, सकाळी सहा-सातला उघडून बघा. सकाळी नीट आणि दुपारी रडत असेल तर गेमवर तक्रार लिहू नका.

गादीवर, उशीवर, मांडीवरच्या चादरीवर लॅपटॉप ठेवणं ही नेहमीची चूक. खालची हवा ओढायची जाळी बंद होते. दुसरी चूक आपल्याकडची खास: लॅपटॉप थेट कूलरच्या झोतात ठेवणं. थंड हवा म्हणजे चांगलंच, असा हिशेब असतो. पण कूलरची हवा ओली असते, कधी कधी पाण्याचे बारीक तुषारही येतात, आणि वाळ्याच्या ताट्या जुन्या असतील तर कचराही. कूलर खोली थंड करू दे, लॅपटॉप झोताच्या बाजूला टेबलावर ठेवा. मागची कड थोडी उचलून धरली तरी दोन-चार अंशांचा फरक पडतो. आणि गेममध्येच फ्रेम रेट, म्हणजे एका सेकंदात दिसणाऱ्या चित्रांची संख्या, 30 किंवा 60 वर बांधायची सोय असते, ती वापरा. शेतातली मेथी वाढताना बघायला 144 फ्रेम लागत नाहीत.

ग्राफिक्स कमी केलं तरी संथच

हा या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग आहे, कारण इथे जवळजवळ सगळेच चुकतात. गेम संथ झाला की हात आधी ग्राफिक्सच्या सेटिंगकडे जातो. सावल्या बंद, पाण्याचं प्रतिबिंब बंद, रिझोल्यूशन खाली. तरी फरक शून्य. मग नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन ग्राफिक्स कार्डाच्या किमती विचारून येतात.

शहर किंवा कारखाना चालवणाऱ्या गेममध्ये चित्र काढण्यापेक्षा हिशेब करणं जड असतं. प्रत्येक माणूस कुठे राहतो, कामाला कुठल्या रस्त्याने जातो, कचऱ्याची गाडी कुठे अडकली, हे सगळं प्रोसेसर मोजतो. शहर दुप्पट झालं की हे काम वाढतं. ग्राफिक्स कार्ड मात्र निवांत बसलेलं असतं. तपासायची सोपी युक्ती अशी: गेम पॉज करा आणि कॅमेरा इकडेतिकडे फिरवा. पॉजवर मऊ फिरतो आणि वेळ सुरू केली की अडखळतो, तर भार हिशेबाचा आहे, प्रोसेसरचा. पॉजवरसुद्धा अडखळतो, तर भार चित्राचा आहे, मग ग्राफिक्स कमी करा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि यावर पुढचे कित्येक हजार रुपये अवलंबून असतात.

दुसरी गोष्ट, मर्यादा. सिटीज स्कायलाइन्स हा 2015 साली आलेला फिनलंडच्या एका छोट्या स्टुडिओचा गेम आपल्याकडेही खूप खेळला गेला. त्यात एका वेळी रस्त्यावर 65,536 माणसं आणि 16,384 गाड्या एवढीच सोय आहे. शहर त्यापलीकडे वाढलं की गेम क्रॅश होत नाही. काही माणसं घरातून निघतच नाहीत, काही गाड्या डेपोतून बाहेर येत नाहीत. खेळणाऱ्याला दिसतं ते असं की रुग्णवाहिका नीट चालत नाहीत. तो दवाखाने वाढवतो, गाड्यांची मागणी आणखी वाढते. हा बग नाही, गेमने आखलेली हद्द आहे. असं काही वाटलं तर नवीन छोटं शहर सुरू करून तीच गोष्ट करून बघा. छोट्या शहरात नीट चालली तर दोष आकाराचा.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं कार्ड, तर गेम कधी कधी गुपचूप पहिल्यावरच चालतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला जास्त क्षमतेचं कार्ड नेमून द्या. आणि खेळताना चार्जर लावलेला असू द्या. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप आपणहून वेग कमी करतात. हे वाचून हसणाऱ्यांनीही एकदा तपासावं.

जुनं मशीन असेल आणि जीव या प्रकारच्या गेमवर असेल, तर ओपनटीटीडी घ्या. वाहतुकीचा हा गेम 2004 पासून फुकट आणि खुल्या स्रोताचा आहे. कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही धावतो. तपासणी शिकायलाही तो उत्तम, त्याचं कारण पुढे येईल.

लाइट गेली, सेव्ह गेलं

वादळी पाऊस सुरू झाला की लाइट जाणार हे गृहीत धरूनच खेळायचं. पण कुठल्या गेममध्ये किती नुकसान होईल हे आधी माहीत असलं पाहिजे. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम कॉम्प्युटरवर फक्त त्यातलं पात्र झोपल्यावर सेव्ह होतो. त्यातला एक दिवस म्हणजे आपली साधारण 14 मिनिटं. संध्याकाळी खाणीत खोल उतरलेलं असताना वीज गेली तर सकाळपासूनचं सगळं गेलं. हा गेमचा स्वभाव आहे, त्यावर बग म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. शहराच्या गेममध्ये ऑटोसेव्ह असतो, पण तो बहुतेकदा एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहितो. त्याच क्षणी वीज गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाते. उघडायला जाल तर आकार शून्य केबी.

म्हणून एकाच सेव्हवर आयुष्य काढू नका. दर मोठ्या टप्प्याला नवीन नावाने सेव्ह करा, नावात गेममधली तारीख टाका. ऑटोसेव्हच्या जागा वाढवता येत असतील तर वाढवा. स्टारड्यू व्हॅली आधीच्या दिवसाची प्रत ‘ओल्ड’ असं शेपूट लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. ते शेपूट काढून नाव बदललं की निदान कालपर्यंतचं शेत परत मिळतं. हे करण्याआधी अख्ख्या फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. फोल्डर कुठे सापडेल? विंडोजचं बटन आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत टाइप करा. बरेचसे गेम तिथेच किंवा त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये घर करून असतात.

घरी डेस्कटॉप आणि इन्व्हर्टर असेल आणि तरीही लाइट गेली की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि इको असं एक छोटं बटन असतं. इकोवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो. पंख्याला तो कळतही नाही, कॉम्प्युटरला कळतो. यूपीएसवर करून बघा. लोक वर्षानुवर्षं पॉवर सप्लाय बदलत राहतात आणि ते बटन धूळ खात पडलेलं असतं.

वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला आणि स्टीमने, म्हणजे गेम विकत घेऊन चालवायच्या ॲपने, विचारलं की क्लाउडवरचं (इंटरनेटवर ठेवलेलं) सेव्ह घेऊ की इथलं, तर घाईत कुठलंही बटन दाबू नका. दोन्हींची तारीख-वेळ वाचा. इथलं फोल्डर आधी कॉपी करा, मग निवडा. चुकीचं निवडलं तर चांगली फाइल जुन्या फाइलखाली गाडली जाते.

मराठी कीबोर्ड, मराठी नाव

हा आपला घरचा विषय, आणि बाहेरच्या टेस्टरला कधीच न सुचणारा.

पात्र हलतच नाही, पण माऊस चालतो? आधी खाली उजव्या कोपऱ्यात बघा, कीबोर्ड मराठीवर राहिलाय का. ग्रुपवर कुणाला तरी मराठीत उत्तर दिलेलं असतं आणि तसाच गेम उघडलेला असतो. काही गेम कुठली कळ दाबली ते ओळखतात, त्यांना फरक पडत नाही. काही मात्र कुठलं अक्षर उमटलं ते बघतात, आणि त्यांना चालायच्या कळीऐवजी काना-मात्रा मिळते. विंडोजचं बटन आणि स्पेसबार दाबला की कीबोर्ड बदलतो.

दुसरं, विंडोजमध्ये खातं बनवताना नाव देवनागरीत दिलं असेल तर तुमच्या फोल्डरचं नावही देवनागरीत तयार होतं. काही जुने आणि छोट्या टीमचे गेम अशा नावाच्या फोल्डरमध्ये फाइल लिहू शकत नाहीत. गेम नीट चालतो, सेव्ह केल्याचा संदेशही देतो, आणि दुसऱ्या दिवशी सेव्ह नसतोच. इंग्रजी नावाचं दुसरं खातं बनवून त्यात एकदा चालवून बघा. तिथे सेव्ह राहिला तर चोर सापडला, आणि ही तक्रार नक्की कळवा, कारण ती बनवणाऱ्याच्या टेबलावर कधीच दिसणार नाही. याच लक्षणाचं आणखी एक कारण असतं: विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये खंडणीखोर व्हायरसपासून फोल्डर वाचवायची सोय सुरू असेल तर ती अनोळखी गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहूच देत नाही. तिथे त्या गेमला परवानगी द्यावी लागते.

आता मजेचा भाग. गेममध्ये शेताला, गायीला, दुकानाला नाव देता येत असेल तर मराठीत देऊन बघा. ‘वऱ्हाड’, ‘मिर्ची’, ‘क्षत्रिय’, ‘स्त्रीशक्ती’ असे शब्द टाका. अनेक गेम इंजिनांना, म्हणजे गेम ज्यावर बनतात त्या तयार सॉफ्टवेअरना, देवनागरी अक्षरं जोडता येत नाहीत. मग पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता मागे उभी राहते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात, किंवा अक्षरांऐवजी नुसत्या चौकटी येतात. नावाची मर्यादाही तपासा. साठवताना देवनागरीच्या एका चिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. बाइट मोजणारा गेम ‘संत्राबाग’ मध्येच कापतो, आणि कापलेलं नाव सेव्हमध्ये गेलं की कधी कधी तो सेव्ह पुन्हा उघडतच नाही. अशी एक तक्रार, स्क्रीनशॉटसह, दहा ‘छान आहे गेम’पेक्षा मोलाची.

हा बग आहे की बागेचा नियम?

ओळखीतला एक मुलगा संत्र्याच्या बागेचा छोटा गेम बनवतोय. त्याने घरच्या घरी पाच-सहा जणांना तपासायला दिला. धरमपेठेतली कॉलेजची पोरं होती, त्यांनी एकजात एकच तक्रार लिहिली: मे महिन्यात विहिरीला पाणी असूनही झाडांना पाणी देता येत नाही, पानं पिवळी पडतात, झाडं मरून राहिली, बग आहे. एकाने तर पाण्याचं बटन दाबत असतानाचा व्हिडिओही जोडला होता.

त्याच वेळी काटोलहून त्याचे काका आलेले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि हसले. ‘अबे पोट्टे हो, ताण दिला हाय त्याने. मृगाचा बहार पाहिजे ना? मग पाणी तोडा लागते.’

खरं तेच आहे. संत्र्याला उन्हाळ्यात पाणी तोडून ताण द्यायचा, मग पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत, फूल येतं. तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारीनंतर निघतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहार, त्याची तोडणी दिवाळीच्या आगेमागे. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. गेममध्ये हे सगळं अगदी नीट मांडलेलं होतं. पोरांनी मुलाच्या सगळ्यात चांगल्या कामाला बग ठरवलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणूनच मी ती सांगतोय. काकांनी पुढे विचारलं, ‘पण बेटा, यांना कसं कळावं? हे तर बर्डीच्या ठेल्यावर संत्रा पाहतात.’ मुलगा म्हणाला, ‘काका, तुम्ही सांगितलं म्हणूनच तर टाकलं ते.’ ‘मले सांगू नको, त्यायले सांग.’ पाणी न देता येणं हा बग नव्हता. पाणी का देता येत नाही हे न सांगणं ही मात्र उणीव होती. पोरांनी निरीक्षण बरोबर केलं होतं, निदान चुकलं होतं. मुलाने मग पाण्याचं बटन दाबलं की गडी ‘ताण सुरू आहे, मालक’ म्हणतो अशी एक ओळ टाकली. पुढच्या फेरीत तक्रार गायब.

तपासणाऱ्याने एवढंच लक्षात ठेवावं: काय दिसलं आणि त्याचं कारण काय वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या. ‘मे महिन्यात पाण्याचं बटन दाबलं, काहीच झालं नाही, झाडं मरतायत असं मला वाटलं.’ यातलं शेवटचं वाक्यही लिहा. ते चुकीचं असलं तरी कामाचं असतं.

तसंच आवडीचं. ‘गायींना रोज हात फिरवायला लावतात, कंटाळा येतो’ हा बग नाही, मत आहे. मत जरूर द्या, पण वेगळ्या कागदावर. दोन्ही एकत्र आले की बनवणारा आधी मतांवर चिडतो आणि खरा बग खाली राहून जातो.

‘बेकार आहे’ ही तक्रार नव्हे

स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला. 2016 च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. या प्रकारातले पुष्कळ गेम असेच एक-दोन माणसांचे असतात. ‘क्रॅश होतो, दुरुस्त करा’ असं लिहिलं तर त्या माणसाला दोन दिवस तुमच्या डोक्यात शिरायचा प्रयत्न करत बसावं लागतं.

चांगली तक्रार अशी दिसते: ‘व्हर्जन अमुक. विंडोज 11, रॅम 8 जीबी. गोठ्यात गाय असताना गोठा पाडला. गाय अंगणात उभी राहिली, तिच्यावर क्लिक केलं की गेम बंद पडतो. पाच वेळा केलं, पाचही वेळा झालं. गोठा रिकामा असताना पाडला तर होत नाही. गोठा पाडण्याच्या आधीचा सेव्ह जोडलाय.’ यातलं शेवटून दुसरं वाक्य सोन्यासारखं आहे. कधी होत नाही हे सांगितलं की शोधायची जागा एकदम लहान होते. आणि सेव्ह बिघाडाच्या आधीचा द्या. नंतरचा दिला तर मेलेलं शेत मिळतं, मेलं कसं ते मिळत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर अपडेट केला, मॉड (इतरांनी बनवलेली, वरून लावायची भर) काढला, ग्राफिक्स कमी केलं आणि गेमच्या फाइली पुन्हा तपासून घेतल्या, सगळं एका दमात. गेम सुरू झाला, छान. पण कशामुळे? पुन्हा बिघडला की पुन्हा चारही करा.

क्रॅश झाल्यावर लोक चिडून गेम पुन्हा उघडतात, परत पुन्हा, परत पुन्हा. इथे पुरावा नष्ट होतो. युनिटी या इंजिनावर बनलेले गेम, आणि छोटे सिम्युलेशन गेम बऱ्याचदा त्यावरच असतात, आपली नोंदवही ॲपडेटातल्या लोकल-लो फोल्डरमध्ये ‘प्लेयर’ नावाने लिहितात. गेम दर वेळी उघडला की नवीन नोंदवही सुरू होते. मागची एकच ‘प्रीव्ह’ नावाने राहते. म्हणजे क्रॅशनंतर दोनदा गेम उघडला की क्रॅशची नोंद गेली. पडद्यावरून गेम गेल्या गेल्या आधी ती फाइल कॉपी करा, मग काय चिडायचं ते चिडा.

ओपनटीटीडी याबाबतीत शहाणा आहे. तो कोसळला की नोंद, स्क्रीनशॉट आणि त्या क्षणाचा सेव्ह अशा फाइली स्वतःच तयार करून ठेवतो. एकदा त्या फाइली उघडून बघा, चांगल्या तक्रारीत काय काय असावं ते समोरच दिसतं.

बीटा, मॉड आणि पैसे

स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये बीटाची, म्हणजे अजून तपासणी सुरू असलेल्या व्हर्जनची, यादी असते. बीटावर जाण्याआधी सेव्हची प्रत काढा. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झालेली फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडेल याची खात्री नसते, आणि बीटा सोडून परत आल्यावर ‘माझं शेत कुठे गेलं’ ही ओरड ठरलेली. मॉड लावलेले असतील तर ते काढून, मॉड कधीच न लागलेल्या नव्या सेव्हवर तोच बिघाड येतो का ते बघूनच तक्रार करा. मॉडचं पाप मूळ बनवणाऱ्याच्या माथी मारण्याची सवय फार वाईट आहे, आणि त्यामुळे काही जण मॉड लावणाऱ्यांच्या तक्रारी वाचतच नाहीत.

पैसे परत मागायची शक्यता असेल तर वेळेकडे लक्ष असू द्या. स्टीमवर विकत घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परतावा मिळतो. गेम पॉज करून जेवायला गेलात तरी घड्याळ चालूच असतं. रात्रभर पीक वाढू दे म्हणून गेम उघडा ठेवून झोपणाऱ्यांचे ते दोन तास झोपेतच संपतात. संथ सिम्युलेशन गेमचा खरा रंग दोन तासांत कळत नाही हेही खरं, त्यामुळे डेमो असेल तर आधी तो खेळा. अर्ली ॲक्सेसमधला, म्हणजे अर्धवट अवस्थेतच विकायला ठेवलेला गेम घेताना आज त्यात काय आहे तेवढंच बघून पैसे द्या, पुढे काय येणार यावर नाही.

तुम्ही कळवलेला बिघाड दुरुस्त झाल्याचा निरोप आला की तो दोन ठिकाणी तपासा: ज्या जुन्या सेव्हमध्ये सापडला होता तिथे, आणि कोऱ्या नव्या खेळात. नव्या खेळात गोठा पाडल्यावर गाय मागे राहत नाही आणि जुन्या शेतात मात्र अजून अंगणात उभी आहे, असं बऱ्याचदा होतं. तसं दिसलं तर नवीन तक्रार लिहू नका; जुन्याच तक्रारीखाली व्हर्जनचा नवा नंबर आणि तो जुना सेव्ह जोडून पाठवा.